विलंबित लयीतला ब्लूज

ब्रिटिश ब्लूज-रॉकच्या इतिहासात गिटारवादक रॉबिन ट्रॉवर यांचा उल्लेख आला की पाठोपाठ गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांचे नाव येते, आणि बहुधा ट्रॉवर त्यांचे केवळ अनुकरण करतात अशा तक्रारीच्या सुरात येते. या तक्रारीला आधार आहे. 1945मध्ये लंडनमध्ये जन्मलेले आणि साउथएंड या किनाऱ्यावरच्या गावात वाढलेले ट्रॉवर ‘पॅरामाउंट्स’ या वाद्यवृंदातून पुढे आले, 1967मध्ये ‘प्रोकोल हारम’मध्ये दाखल झाले आणि सप्टेंबर 1970मध्ये बर्लिनच्या ज्या कार्यक्रमात त्या वृंदाने वादन केले, त्यातच हेंड्रिक्सही वाजवून गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांत हेंड्रिक्स वारले. पुढच्या वर्षीच्या ‘ब्रोकन बॅरिकेड्स’ या अल्बममध्ये ट्रॉवर यांनी त्यांना उद्देशून एक रचना केली आणि लवकरच प्रोकोल हारम सोडले, कारण पियानो आणि ऑर्गन यांच्या भरगच्च मांडणीत त्यांच्या गिटारला पुरेशी जागा उरत नव्हती.

साधनांचे साम्यही उघड आहे. स्ट्रॅटोकास्टर गिटार दोघांची, आणि ‘युनि-व्हाइब’ हे ध्वनी बदलणारे यंत्रही दोघांचे. जपानी अभियंता फुमिओ मिएदा यांनी 1960च्या दशकात घडवलेल्या या यंत्राच्या आत एक छोटा दिवा ठरावीक गतीने उजळतो आणि मंदावतो. त्याच्याभोवती बसवलेल्या चार प्रकाशसंवेदी घटकांचा विद्युतरोध त्यानुसार बदलत राहतो, आणि त्यामुळे गिटारच्या संकेताची कला, म्हणजे त्यातील तरंगाची अवस्था, पुढेमागे सरकते. हा सरकलेला संकेत मूळ संकेतात मिसळला की काही कंपने एकमेकांना पुसून टाकतात, कोणती पुसली जातील हे क्षणोक्षणी बदलते, आणि ऐकणाऱ्याला स्वर जणू पाण्याखालून हेलकावत येत असल्याचा भास होतो.

परंतु हेलकावा ऐकू येण्यासाठी स्वराला थांबावे लागते, आणि ट्रॉवर यांचे वेगळेपण याच ठिकाणी सुरू होते. हेंड्रिक्स यांच्या वादनात स्फोट आहे, घाई आहे, एका कल्पनेवर दुसरी आदळते. ट्रॉवर एकच स्वर धरून ठेवतात आणि दिव्याचे एक पूर्ण आवर्तन त्यावरून जाऊ देतात. यासाठी ते गिटार नेहमीच्या पट्टीपेक्षा एक पूर्ण स्वर खाली लावतात. तारा सैल झाल्यामुळे जाड तारही बोटाने बाजूला ओढता येते. सतारीवर मींड घेताना तार ओढून स्वर चढवला जातो तीच ही क्रिया, आणि ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून घडलेल्या या संगीतात, दोन स्वरांमधल्या अशा जागांवरच भावनेचा सारा भार असतो. खालची पट्टी, जाड तार, लांब मींड आणि संथ लय ही एकमेकांवर अवलंबून असलेली निवड आहे, आणि तिला केवळ अनुकरण म्हणणे हा ऐकण्यातला आळस आहे.

1974च्या ‘ब्रिज ऑफ साइज’मध्ये ही निवड पूर्णत्वाला गेली. प्रोकोल हारमचे पूर्वीचे ऑर्गनवादक मॅथ्यू फिशर त्याचे निर्माते होते, बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांमुळे ख्यातनाम झालेले जेफ एमेरिक ध्वनिअभियंते होते, आणि अमेरिकेच्या विक्रीयादीत तो सातव्या क्रमांकापर्यंत चढला. शीर्षकगीत तर आरंभापासूनच विलंबित आहे. पण ‘डे ऑफ द ईगल’ आणि ‘टू रोलिंग स्टोन्ड’ या द्रुत लयीत सुटणाऱ्या रचनाही मध्येच उतरून ठाय लयीत येतात आणि गिटारचा खरा विस्तार तेथेच होतो. वेगवान भाग जणू त्या उतारासाठीच रचलेला वाटतो.

या अल्बमचे अर्धे श्रेय मात्र जेम्स ड्यूअर यांना द्यायला हवे. ग्लासगोचा हा बासवादक गायक दमदार आणि दाणेदार आवाजाचा होता, आणि त्या आवाजाच्या ठामपणामुळेच गिटारला अस्थिर राहण्याची मोकळीक मिळाली. 1981मध्ये ट्रॉवर यांनी बासवादक-गायक जॅक ब्रूस यांच्याबरोबर अल्बम केला, 1990च्या दशकात गायक ब्रायन फेरी यांच्या ‘टॅक्सी’ आणि ‘मामूना’ या अल्बमांच्या निर्मितीत हातभार लावला, आणि पुढे काही अल्बमांवर स्वतः गायलेही. त्यांचे गाणे प्रामाणिक आहे. तरीही गिटार आणि गळा दोन्ही हळवे झाले की आधाराला काही उरत नाही. ‘नो मोअर वर्ल्ड्स टू कॉन्कर’ (2022) या अल्बममध्ये गायन पुन्हा दुसऱ्याकडे, रिचर्ड वॉट्स यांच्याकडे, सोपवले गेले, आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या या वादकाची गिटार त्यात पुन्हा तितक्याच निवांतपणे एका स्वरावर रेंगाळू शकली.