घरातला संगणक कोणत्या तारखेपर्यंतचा?

घरी नवा संगणक आणायचा ठरला की त्यावर ऑपरेटिंग सिस्टिमची कोणती आवृत्ती असावी, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा दुकानदारच देऊन मोकळा होतो. इंदूरच्या रवींद्रनाथ टागोर मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये प्रोसेसर, रॅम आणि पडद्याच्या इंचांवरून मनसोक्त घासाघीस करणारे कुटुंबही या मुद्द्यावर ‘लेटेस्ट है, साहब’ एवढ्या आश्वासनाने निश्चिंत होते. वास्तविक ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकाची मूळ आज्ञावली असते. कोणती कळ दाबल्यावर कोणते अक्षर उमटेल, घरातला प्रिंटर ओळखला जाईल की नाही, जुनी फाइल उघडेल की नाही, हे सारे तीच ठरवते. म्हणूनच नवी घ्यावी की जुनी, एवढाच विचार येथे अपुरा पडतो. निवडलेल्या आवृत्तीची देखभाल कोणत्या तारखेपर्यंत होणार आहे आणि घरात आजवर साठलेले लेखन तिला वाचता येणार आहे का, या दोन गोष्टींना नवेपणाहून अधिक महत्त्व द्यावे लागते.

आधी तारखेचा विचार करू. मायक्रोसॉफ्टची विंडोज १० ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नियमित देखभाल थांबली. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवण्याची सवलत दिली गेली, पण ती सवलतच आहे. देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे, आणि घोटाळा नेमका येथेच होतो. औषधाच्या बाटलीवरची मुदत उलटली तरी औषधाचा रंग-वास बदलत नाही, तसा मुदत संपलेला संगणकही पूर्वीसारखाच सुरू होतो. फरक एवढाच, की त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भगदाडे कोणी बुजवत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला, तेव्हा त्याला अटकाव करणारी दुरुस्ती चालू आवृत्त्यांसाठी त्याच वर्षीच्या मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. विंडोज एक्सपीची देखभाल मात्र ८ एप्रिल २०१४ रोजीच संपलेली असल्याने, हल्ला झाल्यावर त्या आवृत्तीसाठी खास बाब म्हणून दुरुस्ती काढावी लागली. दर वेळी अशी दया दाखवली जाईल, असे कोणी धरून चालू नये. शिवाय आवृत्ती म्हातारी झाली की इतरही तिची साथ सोडतात: विंडोज ७ वर चालणारी क्रोम ब्राउझरची शेवटची आवृत्ती १०९ ही होती, आणि बँकेचे व्यवहार ब्राउझरमधूनच करणाऱ्या घराला हे पुढेमागे जाणवल्यावाचून राहत नाही.

कारखान्यातून थेट आलेल्या नव्या यंत्राबाबत हा पेच सहसा उरत नाही, कारण त्यावर बहुधा विंडोज ११ असते. पेच पडतो तो कार्यालयांतून बाद होऊन, झाडून-पुसून पुन्हा विक्रीला आलेल्या संगणकांबाबत, जे घेणाऱ्या घराच्या दृष्टीने नवेच असतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा कूटसंरक्षणाचा घटक लागतो आणि इंटेलचे प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र अजून ठणठणीत असले तरी अधिकृत यादीत बसत नाही. नियमाला वळसा घालून ते बसवून देणारे कारागीर सापडतात, पण त्या यंत्राला पुढची दुरुस्ती मिळेलच याची हमी मग कोणीच देत नाही. याहूनही सर्रास आढळणारा प्रकार म्हणजे फक्त ‘डॉस’ ही जुनी, साधी प्रणाली असलेला लॅपटॉप. प्रणालीची किंमत वाचावी म्हणून तो जवळजवळ कोरा विकला जातो आणि काउंटरवरच ‘विंडोज डाल देंगे’ असे सांगून त्यात परवान्याशिवायची प्रत भरली जाते. परवान्याचे कुलूप तोडणाऱ्या त्या उपऱ्या आज्ञावलीसोबत आणखी काय घरात शिरले, हे ग्राहकाला कधीच कळत नाही. ज्याला प्रणालीसाठी पैसे मोजायचे नाहीत त्याने सरळ मोफत मिळणारे लिनक्स घ्यावे. चोरीच्या विंडोजपेक्षा ते प्रामाणिक तर आहेच, शिवाय सुरक्षितही आहे.

खोक्यावरच्या बारीक अक्षरांत आणखी एक गोष्ट दडलेली असते. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक घरगुती लॅपटॉपांवर ‘विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज’ हा प्रकार असतो. आवृत्ती आणि प्रकार या गोष्टी भिन्न आहेत: आवृत्तीवरून प्रणालीचा काळ कळतो, तर प्रकारावरून परवान्याची व्याप्ती. सिंगल लँग्वेजच्या परवान्यात मेनू आणि सूचना दाखवण्यासाठी एकच भाषा अनुमत असते. टंकनासाठी मात्र हवे तितके कळफलक जोडता येतात, त्यामुळे इंग्रजी मेनू ठेवून मराठी आणि हिंदी दोन्ही लिहिणाऱ्या घराचे त्यावाचून काही अडत नाही. होम प्रकाराची खरी गोम वेगळीच आहे. पहिल्यांदा सुरू करताना तो मायक्रोसॉफ्टचे खाते मागतो आणि २४एच२ या २०२४च्या आवृत्तीपासून, अशा खात्याने प्रवेश केल्यास, बहुतेक नव्या यंत्रांची डिस्क आपोआप कूटबद्ध होते, म्हणजे तिच्यातला मजकूर किल्लीवाचून वाचता येत नाही. ती किल्ली ४८ अंकांची असते आणि पहिल्या दिवशी ज्याच्या नावाने खाते उघडले त्याच्या खात्यात जमा होते. आजोबा, सूनबाई आणि शाळकरी नातवंडे एकच संगणक वापरत असतील आणि खाते दुकानातल्या मुलाने घाईत उघडून दिलेले असेल, तर पुढे मदरबोर्ड बदलण्याची वेळ आल्यावर घरचे फोटो आणि कागदपत्रे कायमची हातची जाऊ शकतात. सुरक्षा ज्या घरासाठी योजली, त्या घराची वहिवाट मुळी लक्षातच घेतली नाही, असे येथे स्पष्ट म्हणावे लागते.

आता लेखनाकडे वळू. इंदूरच्या मराठी घरात जुने लेखन वाचता येण्याचा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा अधिक गुंतागुंतीचा होतो. होळकरांच्या या नगरीत १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरली; घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि शिक्षणात इंग्रजी अशी येथील पिढ्यांची रीत आहे. अशा घरातल्या जुन्या हार्ड डिस्कवर कृतिदेव फाँटमधले हिंदी अर्ज, श्रीलिपी या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीत जुळवलेल्या मराठी पत्रिका आणि अलीकडचा युनिकोडमधला मजकूर असे तीन थर एकावर एक साचलेले असतात. यांतले पहिले दोन थर युनिकोडपूर्व पद्धतीचे आहेत. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच राही, डोळ्यांना तो देवनागरी दिसे. कृतिदेवमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द तो फाँट नसलेल्या यंत्रावर ई, जे, के, बी, एच या पाच इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग होऊन समोर येतो, आणि नव्या संगणकाने फाइल ‘खराब केली’ असा बोभाटा होतो, तो बहुधा यामुळेच.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देऊन हा घोळ मिटवला खरा, पण प्रणालीच्या आवृत्त्या या प्रमाणापर्यंत सावकाश पोहोचल्या. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीचा आधार प्रथम २००० या आवृत्तीत आला. एक्सपीत जोडाक्षरांसाठी वेगळी खूण करून मूळ सीडीवरून घटक बसवावे लागत, आणि हे ठाऊक नसलेल्या माणसाला ‘प्र’ऐवजी सुटा ‘प’, पाय मोडणारी खूण आणि ‘र’ पाहून संगणकाला मराठी येत नाही असेच वाटे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. २००१च्या एक्सपीला ते मुळात ठाऊक असणे शक्यच नव्हते. रुपयाचे नवे चिन्ह २०१० साली स्वीकारले गेले आणि २००९च्या विंडोज ७ ला ते स्वतंत्र दुरुस्तीने शिकवावे लागले. याचा अर्थ असा, की प्रत्येक आवृत्ती आपल्या जन्मकाळची वर्णमाला घेऊन येते आणि देखभाल चालू असेपर्यंतच ती वर्णमाला वाढत राहते. घरगुती उपयोगाच्या दृष्टीने विंडोज १०च्या मे २०१९च्या अद्ययावत आवृत्तीचे मोल म्हणूनच मोठे आहे, कारण तिच्यापासून मराठी-हिंदीसह दहा भारतीय भाषांचे उच्चारानुसारी कळफलक प्रणालीतच मिळू लागले. मध्य प्रदेशातील सरकारी नोकरीसाठी सीपीसीटी ही संगणक-प्रावीण्य परीक्षा देणाऱ्या मुलाला मात्र उच्चारानुसारी टंकनाचा उपयोग नाही. त्याला हिंदीचा इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल कळफलकच सरावात ठेवावा लागतो.

लिनक्सचा पर्याय मघाशी केवळ चोरीशी तुलना करण्यापुरता आला; तो त्याहून थोर आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली ‘बॉस’ ही भारतीय भाषांना आधार देणारी प्रणाली काढली, ग्नोमसारख्या लिनक्सच्या दर्शनी भागाचे मराठीकरण पुण्यात रेड हॅटमधील मंडळींनी दीर्घकाळ केले, आणि लिनक्सच्याच उबुंटू या प्रकाराची दर सम वर्षी एप्रिलमध्ये येणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते, जिच्या आधारावर लिनक्स मिंट उभे आहे. विंडोज ११ने नाकारलेल्या सातव्या पिढीच्या यंत्राला यातून आणखी काही वर्षांचे आयुष्य मिळते. अडचण येते ती हिशेबासाठी टॅली किंवा जुळणीसाठी श्रीलिपी वापरणाऱ्या घरात, कारण हे दोन्ही कार्यक्रम विंडोजसाठी बांधलेले आहेत. कृतिदेव हा नुसता फाँट असल्याने तो लिनक्सवर नेऊन टाकला की जुने हिंदी अर्ज वाचता येतात. श्रीलिपीचे तसे नाही, तिच्या जुन्या प्रती संगणकाला जोडायच्या हार्डवेअर कुलपावर चालत. समांतर पोर्टवाले कुलूप तर नव्या यंत्रात लावायला जागाच नसते, आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटचे असल्याने त्याहून जुन्या, सोळा बिटच्या जमान्यातल्या आज्ञावल्या तेथे चालतच नाहीत.

अशा घराने आवृत्ती निवडण्यापूर्वी जुना संगणक भंगारात देण्याची घाई करू नये, कारण नव्याला काय वाचता आले पाहिजे याची यादी त्याच्याच पोटात असते. ज्या पत्रिका, हिशेब आणि हस्तलिखितांच्या नकला पुढेही लागणार आहेत त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून, दोन-चार पाने मुळाशी ताडून पाहाव्यात. रूपांतर करणारी साधने ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला मराठी र हमखास चुकवतात. श्रीलिपीवरच ज्यांचे काम चालते त्यांनी ते जुने यंत्र इंटरनेटची तार काढून तेवढ्यापुरतेच ठेवावे आणि त्यातली फाइल पीडीएफ करून पेन ड्राइव्हने बाहेर काढावी. नव्या यंत्रावर मग चालू विंडोज घ्यावे की दीर्घ मुदतीचे लिनक्स, हे टॅली लागते का आणि खाते कोणाच्या नावाने उघडायचे, एवढ्यावरच ठरते.