उसवलेला टाका

आपल्या धर्मग्रामांत ‘रिट्रीट’ म्हटले, की मौन, प्रवचने, पापनिवेदन आणि शेवटचा ख्रिस्तयाग असे चित्र डोळ्यांसमोर येते. गेल्या हिवाळ्यात आम्ही चार मैत्रिणींनी एक निराळी रिट्रीट केली. चौघी एकेकाळी एकाच शाळेत शिकवीत होतो. आता चौघीही सेवानिवृत्त आहोत. एका सिस्टरांच्या ओळखीने आम्ही धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यातल्या एका खेड्यात चार दिवस राहिलो आणि तेथील बायांकडून गोधडी शिवायला शिकलो. प्रवचनकार कोणी नव्हते. तरीही तेथून मी जो प्रश्न घेऊन परतले, तो अजून मनातून जात नाही. शिकणाऱ्याच्या हातून चुका होणारच. पण त्या चुकांची किंमत कोणी भरावी?

सोलापूरला गाडीतून उतरून नळदुर्गमार्गे उमरग्याकडे जाणारी एस.टी. धरली. दोन्ही अंगांना तूर उभी होती आणि मधून मधून ज्वारीचे हिरवे पट्टे दिसत होते. ज्यांच्याकडे आम्ही उतरलो, त्या मावशी पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात दुसऱ्या दिवशी सकाळी जुनेरे पसरली गेली आणि आमची शाळा भरली.

गोधडी म्हणजे चिंध्यांचा ढीग नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळले. तळाशी एक धड लुगडे पसरायचे, त्यावर विरलेल्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर सुरकुती न पडू देता अंथरायचे, वर पुन्हा एक बरेसे लुगडे किंवा ठिगळे जोडून केलेला पृष्ठभाग. चारी कडा आत दुमडून घ्यायच्या, थर सरकू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालायचे आणि मग चार बायांनी चार बाजूंना बसून धावदोरा घालीत, बोटभर अंतराने, कडेकडून मध्याकडे सरकायचे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजात आपले अनेक कॅथलिक बंधुभगिनी आहेत. त्यांच्या स्त्रियाही जुन्या कपड्यांच्या अशाच ‘कवंदी’ शिवतात, आणि त्यांचे टाकेही कडेकडून आत जातात. गरजेने शिकवलेली विद्या भाषेची आणि धर्माची वेस ओळखत नाही.

आमच्यापैकी एकीने हौसेने नवे कोरे कापड आणले होते. मावशींनी ते बाजूला ठेवले. कोरे कापड धुतल्यावर आटते आणि आटताना शेजारचे जुने कापड ओढून फाडते, असे त्यांचे म्हणणे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील ठिगळाचा दाखला मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. मावशींनी तो कधीच ऐकला नव्हता, परंतु त्याचा अर्थ त्यांच्या बोटांना ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्यासमोर एक दुपटे आले. शेजारच्या घरातील सुनेचे दिवस भरत आले होते. तिच्या बाळासाठी ते शिवायचे होते. मी मन लावून दोन फेऱ्या पुऱ्या केल्या. मैत्रिणींनी कौतुक केले. मावशींनी मात्र त्यावरून सावकाश तळहात फिरवला आणि एका जागी थांबून म्हणाल्या, “बाई, टाका लांब पडलाय. लेकराचं बोट अडकंल ह्यात. उसवा.”

वयाच्या पासष्टीत असे ‘उसवा’ ऐकण्याची सवय राहिलेली नसते. चाळीस वर्षे इतरांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्यानंतर तर मुळीच नसते. मी हसून म्हटले, “मावशी, मी नवी आहे ना? एवढे राहू द्या.”

मावशींनी सुई माझ्या हाती दिली. “तुमी नव्या हाव बाई, पर लेकरू बी नवंच हाय की.”

मी उसवायला बसले. घालायला तास लागला होता, उसवायला त्याहून अधिक लागला, कारण विरलेले कापड ओढून चालत नाही. एकेक टाका सुईच्या टोकाने उचलून दोरा सोडवावा लागतो.

रात्री जेवणानंतर आमच्यात वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, “पाहुणीला चारचौघींत असे सांगणे बरे नव्हे. आपण झोपल्यावर मावशींनी तेवढे टाके दहा मिनिटांत नीट केले असते. बाळाचेही भले झाले असते आणि तुझेही मन राखले गेले असते. प्रीती दोष झाकते, असे आपणच शिकवतो ना?”

तिचे म्हणणे सहज खोडून काढण्यासारखे नव्हते. आपल्या घरांत आणि धर्मग्रामांत असे कितीतरी टाके कोणीतरी मुकाट्याने नीट करीत असते. सासू सुनेची बिघडलेली आमटी सावरते, वडीलधारे धर्मगुरू तरुण सहायकाने दुखावलेल्या कुटुंबाची समजूत काढून येतात. त्यात माया असते. परंतु मी त्या रात्री जितका विचार केला, तितके मला वाटू लागले, की मावशींनी गुपचूप टाके बदलले असते, तर दुपटे सुधारले असते आणि मी तशीच राहिले असते. मला शिवता येते, असा समज घेऊन मी घरी गेले असते आणि पुढचे दुपटे मावशींचा हात फिरल्याशिवाय दुसऱ्या एखाद्या बाळाच्या अंगावर पडले असते. झाकलेल्या दोषाची किंमत माफ होत नाही. ती केवळ पुढच्या माणसाच्या नावावर चढते. टाके तसेच राहू दिले असते, तर किंमत बाळाने भरली असती. मावशींनी रात्री जागून नीट केले असते, तर त्यांनी भरली असती. मीच उसवले, म्हणून ती जिची होती तिच्याकडे आली. दोष झाकणारी प्रीती दोषी माणसाची फजिती करीत नाही, हे खरेच. आणि मावशींनीही माझी फजिती केली नव्हती. त्यांनी दोष दाखवला, सुई हाती दिली आणि मी उसवीत असताना त्या शेजारी बसून राहिल्या.

एवढ्यावर प्रश्न सुटला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. तिसऱ्या दिवशी आमच्यात एक नवी बाई येऊन बसली. ती डावखुरी होती. ती उलट्या दिशेने शिवीत येई, आणि त्यामुळे दोघी जेथे कोपऱ्यात अडखळतात, तेथे ती सहज वळे. मावशी मुद्दाम तिला कोपऱ्यावर बसवीत. तिचा डावा हात पाहता पाहता माझी सुई थांबली.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एक डावखुरा मुलगा होता. उजव्या हाताने लिहिणे म्हणजेच वळण, अशी माझी तेव्हाची समजूत. त्याने डाव्या हातात पेन्सिल घेतली, की मी त्या हातावर पट्टी मारी. दिवाळीपर्यंत तो उजव्या हाताने लिहू लागला आणि वर्गात बोलेनासा झाला. मी पहिल्या गोष्टीचा अभिमान बाळगला आणि दुसरी माझ्या लक्षातही आली नाही. वर्षअखेरीस त्याच्या वडिलांची बदली झाली आणि तो गेला. मी काय केले, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. मीही तेव्हा नवी होते. पण लेकरूही नवेच होते.

येथे मावशींचा उपाय चालत नाही. दुपटे अंगणातून बाहेर गेले नव्हते, म्हणून उसवता आले. माणसाच्या मनात घातलेला टाका बहुधा उसवता येत नाही. आणि तरीही माणसांवर शिकल्यावाचून कोणाचीच सुटका नाही. तरुण डॉक्टर पहिल्या रुग्णावर शिकतो, शिक्षिका पहिल्या वर्गावर, धर्मगुरू पहिल्या धर्मग्रामावर, आणि आपण सर्व आईबाप थोरल्या मुलावर. धाकट्याला मिळणाऱ्या शहाण्या आईबापांचे शुल्क थोरल्याने भरलेले असते.

त्या रात्री मी मावशींना भूकंपाविषयी विचारले. इतके दिवस धीर झाला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीचे नाव सर्वांच्या तोंडी राहिले. परंतु सास्तूरसारखी या जिल्ह्यातील गावेही तशीच कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे गेली. मावशी मोजके बोलल्या. माणसांना भूकंपाने मारले नाही, भिंतींनी मारले, असे त्या म्हणाल्या. ते खरेच आहे. दगड आणि माती यांच्या जाडजूड भिंती आणि त्यावर माळवदाचे मणामणाचे ओझे. ऊन आणि चोर अडवण्यासाठी पिढ्यांनी बांधलेली ती घरे झोपलेल्यांवर आली. शासकीय नकाशात हा प्रदेश तेव्हा भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या पहिल्या विभागात होता. पुढे नकाशाच बदलला: २००२ साली पहिला विभाग रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्या विभागात गेला. म्हणजे या बाबतीत सारा देशच नवशिका होता. आज दूर कोठेतरी एखादे घर अधिक भक्कम बांधले जाते, त्यामागच्या शहाणपणाची किंमत येथल्या माणसांनी मोजली आहे, आणि ती त्यांना विचारून घेतलेली नव्हती.

मावशींच्या अंथरुणाखाली जी वाकळ होती, तिच्यात ढिगाऱ्यातून काढलेल्या एका लुगड्याचा पदर होता. ते कोणाचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

परतताना आम्ही वाट वाकडी करून तेरला गेलो. गोरोबाकाकांचे हे गाव. संतमंडळी जमली असता मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे डोके थोपटून पाहिले आणि नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरवले, ही कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. नामदेव तेव्हा अनोळखी नव्हते. विठ्ठलाचे लाडके भक्त म्हणून त्यांची ख्याती होती. ते रागावले, दुखावले; पण शेवटी विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. मला त्या कथेत आजवर गोरोबांचा अधिकार दिसत असे. यावेळी नामदेवांचे जाणे दिसले. थोपटून घेणे एक वेळ सोपे. आपण कच्चे आहोत हे मान्य करून पुन्हा धडा गिरवायला बसणे कठीण.

आपल्या प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई अशा तीन गोष्टी पश्चात्तापी माणसाकडून अपेक्षित असतात. पहिल्या दोन आपण करतो. तिसरी आपण बहुधा काही प्रार्थना म्हणून आटोपतो. जक्कयाने मात्र ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचा शब्द प्रभूसमोर दिला. त्याला आपली माणसे ठाऊक होती. मला तो मुलगा कोठे आहे हे ठाऊक नाही. तो असेल तर आता पन्नाशीच्या आसपास असेल. त्याची क्षमा मला मागता येत नाही, आणि परमेश्वराची क्षमा मिळाली म्हणून त्याचे देणे फिटले, असे मला मानवत नाही. एवढेच उमगते, की ज्याचे देणे त्याला देता येत नाही, ते त्याच्या जागी आज उभ्या असलेल्या लेकराला द्यावे.

म्हणून आता आमच्या धर्मग्रामात रविवारच्या धर्मशिक्षणाला नवी मुलगी शिकवू लागली, की पहिले काही आठवडे मी मागच्या बाकावर बसते. तास संपल्यावर, मुले गेल्यावर, टाका कोठे लांब पडला ते तिला सांगते, आणि माझ्या पहिल्या वर्षाची हकीकतही सांगते. एक जण या गोष्टीने रागावली आणि दोन रविवार आलीच नाही. तिसऱ्या रविवारी आली, काही न बोलता फळ्याशी उभी राहिली आणि मागे वळून मी बसले आहे ना, हे तिने पाहून घेतले.

दुपटे चौथ्या दिवशी पुरे झाले. माझे जुने टाके उसवले होते तेथे सुईची बारीक छिद्रे दिसत होती. मी मावशींना ती दाखवली. त्या म्हणाल्या, “धुतल्यावर बुजत्यात.” मग कापड उजेडाकडे धरून त्यांनी पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, “समदी न्हाई बुजत. पर बोट न्हाई अडकायचं आता.”