खुर्ची नसलेला पुढारी

दर १७ सप्टेंबरला परभणीत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण होते, भाषणे होतात आणि भाषणांत स्वामी रामानंद तीर्थांचे नाव हटकून येते. ते नाव घेताना व्यासपीठावरच्या एखाद्याची तरी जीभ अडखळावी, असे मला दरवर्षी वाटते. अडखळत नाही. स्वामीजींचे चरित्र आपण हार घालण्यापुरतेच ठेवले आहे.

हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईला शिकवणारा हा संन्यासी मास्तर. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या परतूरला १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर उभी राहण्याआधीच निजामाने तिच्यावर बंदी घातली. मग सत्याग्रह, तुरुंग, सुटका, पुन्हा तुरुंग. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा त्यांचा शब्द मोडण्याची फार थोड्यांची छाती होती. मंत्रिपद मात्र त्यांनी कधीच घेतले नाही.

इथवर आले की आपण त्यागाची आरती ओवाळून मोकळे होतो. मला पुढची गोष्ट मोठी वाटते. हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला. नेहरूंना ती मोडतोड पसंत नव्हती, तरी धरला. १९५२ मध्ये ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले होते. १९५६ मध्ये राज्य विसर्जित झाले, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि गुलबर्गा म्हैसूरकडे गेले. ज्या मुलखात आपला शब्द चालतो, तो मुलूखच नकाशावरून जावा म्हणून झटायचे! लोकांना आपल्या भाषेत कारभार मिळावा, यापुढे त्यांना स्वतःचा दबदबा कवडीमोलाचा वाटला. आज वॉर्डाची हद्द चार गल्ल्या सरकली, तरी आमचे पुढारी कोर्टाची पायरी चढतात.

व्यक्तिमत्त्व मोठे असले की नेतृत्व आपोआप मोठे होते, या भ्रमावर उतारा हवा असेल तर तोही याच मातीत आहे. निजामाची बाजू लढवणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. वक्तृत्व होते, धाडस होते, जीव ओवाळून टाकणारी माणसे होती. उणीव एकच: आपल्या माणसांचा नकार त्याच्या संघटनेला सोसत नव्हता. विलीनीकरणाची बाजू घेणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. महिनाभरात निजामाची राजवट कोसळली. रझवी तुरुंगातून सुटून १९५७ मध्ये पाकिस्तानात निघून गेला. त्याच्या भाषणांची किंमत मागे राहिलेल्या गरीब मुसलमानांनी मोजली.

म्हणून पुढाऱ्याला जोखताना मी सभेची गर्दी मोजत नाही. त्याच्या जवळच्या माणसाला त्याच्या तोंडावर ‘साहेब, हे चुकतंय’ म्हणता येते का, आणि म्हटल्यावर तो माणूस जवळच राहतो का, एवढे पाहतो. आमच्याकडे बहुधा राहत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यातला फोटो गळतो आणि सगळ्या तालुक्याला कळते.

दोष एकट्या पुढाऱ्यांच्या पदरात घालणे सोयीचे आहे, खरे नाही. साहेब आम्हीच घडवतो. पोराची नोकरी, पाटातले पाणी, पोलिसात अडकलेला पुतण्या, सगळ्याला साहेबांचा फोन लागतो. हक्काची गोष्ट मेहेरबानी म्हणून घ्यायची आम्हाला सवय झाली आहे. मेहेरबानी घेतलेला माणूस हिशेब कुठल्या तोंडाने मागणार? महिला सरपंच निवडून येते आणि ग्रामपंचायतीत तिचा नवरा बसतो; त्याला ‘सरपंच’ म्हणून रामराम घालणारे आम्हीच. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढेही जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि वर्षाच्या निधीचा निर्णय पाचपंचवीस जणांत उरकतो. सह्यांसाठी रजिस्टर मागाहून घरोघर फिरते, आणि आम्ही चहा पाजून सही करतो.

त्या रजिस्टरवर सही करायला नकार देण्यासाठी संन्यास घ्यावा लागत नाही. मी सभेला नव्हतो, एवढेच म्हणायचे आहे. पुढच्या सभेला मात्र जावे लागेल, जमाखर्चाचे कागद मागावे लागतील, आणि खुर्चीवर नवरा बसला असेल तर बाईंना बोलवा म्हणावे लागेल. साहेब रागावतील. कदाचित पोराच्या नोकरीसाठी त्यांचा फोनही जाणार नाही.