दुखणाऱ्याची साक्ष

फिजिओथेरपीत ज्ञान कशाला म्हणायचं, यावर आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, चाचणीत टिकलं तेवढंच खरं. दुसरा म्हणतो, आयुष्यभर हाताखालून माणसं गेली, ते काय उगीच? मी भोसरीत प्रॅक्टिस करते. माझे बरेचसे पेशंट चाकण-म्हाळुंग्याच्या कंपन्यांत लाईनवर राबणारे. त्यांना तपासताना जाणवतं की या भांडणात मुख्य साक्षीदाराला कुणी बोलावतच नाही.

आधी अनुभवाचं बघू. कंबरदुखी पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि माणूस दवाखान्यात येतो तो दुखणं ऐन भरात असताना. त्यामुळे मधल्या काळात जे करू त्याला यश येतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. जेल लावून फिरवायचं अल्ट्रासाउंडचं मशीन असंच लाडकं झालं. 2001 साली रॉबर्टसन आणि बेकर यांनी त्याच्या 35 चाचण्या तपासल्या, तेव्हा नीट पद्धतीने केलेल्या 10च निघाल्या. त्यांतल्या 8 चाचण्यांत खरं मशीन लटक्या उपचारापेक्षा सरस ठरलं नाही. हे नुसत्या अनुभवाने कधीच कळलं नसतं.

आता संशोधनाचं. न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं, म्हणजे प्रमाणं, मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. वेदना प्रत्यक्ष असते ती फक्त ज्याची त्याला. मी पाय सरळ उचलून बघते, चेहरा वाचते. ते सगळं अनुमान. शोधनिबंध माझ्यासाठी शब्दप्रमाणच, कारण ती चाचणी मी केलेली नाही, करणाऱ्यांवर विश्वास टाकते. आणि त्या चाचणीत वेदना मोजतात कशी? बहुतेक वेळा शून्य ते दहामधला आकडा पेशंटला विचारून. म्हणजे सरासरीचा तो सगळा डोलारा शेवटी दुखणाऱ्याच्या शब्दावर उभा आहे.

ज्याच्या शब्दावर विसंबावं तो आप्त. विषय स्वतः जाणणारा आणि जाणलं तसं सांगू इच्छिणारा, एवढीच त्याची ओळख. ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सगळ्यांना सारखंच, असं वात्स्यायन न्यायभाष्यात म्हणतो. मग प्रेस शॉपमधला कंत्राटी हेल्परही आप्त होऊ शकतो. अडचण येते ती त्या दुसऱ्या अटीपाशी.

लातूरकडचा एक पोरगा सुपरवायझरबरोबर आला होता. आकडा विचारला तर म्हणाला, "तीन." पण सेफ्टी शूजची नाडी सोडायला तो वाकला नाही, भिंतीला टेकून त्याने एका टाचेने दुसरा बूट काढला. सुपरवायझरला बाहेर बसवलं, तेव्हा हळूच म्हणाला, "मॅडम, कागदावर लिहू नका. कंत्राटाचा ब्रेक जवळ आलाय, परत घेणार नाहीत." मग आकडा आठ झाला. तीनच्या आकड्यावर मी कितीही शास्त्रशुद्ध उपचार ठरवले असते, तरी पायाच खोटा होता. उलटही घडतं. लाइट ड्यूटी हवी असते, तेव्हा तीनाचे आठ होतात.

मग पेशंट म्हणेल ते सगळंच खरं का? तसं नाही. हाच पोरगा एमआरआय दाखवून "मणक्यात गॅप आलाय" म्हणत होता. 1994 साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर 52 टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली दिसली. तेव्हा किती दुखतं, कशाने वाढतं, यात तो आप्त. का दुखतं, यात नाही. तिथे मला निबंधाचंच ऐकावं लागतं, आणि हे दोन्ही या एका कंबरेला लावायचं तर हाताचा सराव लागतो.

डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 1996 साली पुराव्याधारित उपचाराची व्याख्या केली, तेव्हा संशोधन आणि कसब यांच्याबरोबर पेशंटची बाजूही धरली होती. आमच्याकडे ती फॉर्मवरच्या एका रकान्यात उरली आहे. खरं सांगणं ज्याला परवडत नाही, त्याच्याकडून खरी माहिती मिळत नाही. मग पद्धत कितीही काटेकोर असो. म्हणून मी हल्ली सोबत्याला बाहेर बसवते, कागदावर काय लिहिणार आणि तो कुणाच्या हातात जाणार हे सांगते, आणि आकडा त्यानंतर विचारते.