पडशीतला चाकू

माउली, वारीला निघताना आपल्या पडशीत काय काय असते ते जरा आठवून पाहा. टाळ, हरिपाठाची पोथी, बुक्क्याची डबी, गोपीचंदनाचा खडा, पावसासाठी प्लास्टिकचा कागद, सुईदोरा, अंगदुखीच्या दोन-चार गोळ्या. आणि आपल्यातल्या पुष्कळांच्या पडशीत, कुठेतरी तळाशी, एक मिटवायचा चाकूही असतो. त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. मला आज त्याच्याविषयीच बोलायचे आहे, कारण या एवढ्याशा वस्तूने मला माझे जे रूप दाखवले, ते पाहून मी ओशाळलो.

माझा चाकू काही भारी नाही. आठवडी बाजारात शंभर रुपयांच्या आत मिळालेला. चार बोटे लांब पाते, लाकडी मूठ, पितळी खिळा, पाठीला पोलादी पट्टीची स्प्रिंग. पोलाद साधे, त्यामुळे आषाढातल्या पावसात एका रात्रीत तांबूस डाग धरते. लिंबू कापले तर काळवंडते. झोपण्यापूर्वी कोरडा पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवले की झाले. काकडी, पेरू, राहुटीची दोरी, शिध्याच्या पोत्याची सुतळी, तुटलेल्या चपलेचा पट्टा, नारळाची शेंडी, फोड आलेल्या पायाला बांधायची चिंधी, एवढी कामे तो दिवसभरात करतो. नवख्यांना एक सांगून ठेवतो. धारदार चाकूपेक्षा बोथट चाकू जास्त बोटे कापतो. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते घसरते. शिवाय नुसत्या स्प्रिंगवर उघडा राहणारा चाकू कशात खुपसू नये. उलटा दाब आला की पाते आपल्याच बोटांवर मिटते.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी नातेपुत्याचा मुक्काम होता. दिवसभर पावसाची झड, राहुटीत ओल, आणि संध्याकाळपासून एकच कुजबुज की गर्दीत चोर शिरले आहेत, कुणाच्या तरी पडशीतून पैसे गेले. खरे-खोटे कुणालाच ठाऊक नव्हते. रात्री केव्हातरी मला जाग आली. काळोखात कुणाचा तरी हात माझ्या उशाशी चाचपडत होता. मी उठून बसलो आणि ओरडलो, "कोण आहे?"

"माउली, मी हाये. माझी पडशी सापडंना."

आमच्याच दिंडीतले एक म्हातारे बाबा. लघवीला बाहेर गेले होते, परत येताना अंधारात जागा चुकले. त्यांना हात धरून त्यांच्या अंथरुणाशी नेऊन बसवावे म्हणून मी हात पुढे केला, तेव्हा लक्षात आले की उजव्या हातात चाकू आहे. उघडा. तो मी केव्हा उघडला ते मला आठवत नव्हते. बाबांना काही दिसले नाही. ते "रामकृष्ण हरी" म्हणून आडवे झाले आणि लगेच घोरू लागले. मी मात्र पहाटेपर्यंत बसून होतो. त्याच दिवशी सकाळी याच बाबांच्या पायांवर मी डोके ठेवले होते.

कोणी म्हणेल, यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे? जिवाचे रक्षण करणे हे पाप नव्हे. मान्य. एकट्यादुकट्या माणसाने, विशेषतः एकट्या बाईने, सोबतीला काही बाळगले तर तिला दोष देणारा मी कोण? कायद्याचेही तसेच. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची हत्यारे येतात, आणि त्यातूनही घरकामाच्या व शेतीच्या वस्तू वगळल्या आहेत. माझे चार बोटांचे पाते त्यात कुठे बसत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे, माउली. चाकू मी काकडी कापायला घेतला होता. मग त्याला हे दुसरे काम कुणी लावले?

बसल्या बसल्या मला आठवू लागले. चाकू पडशीच्या तळाशी असतो म्हणून मी वर सांगितले ना? त्या रात्री तो तळाशी नव्हता. उशाखाली होता. आणि त्याच रात्री नव्हे, आदल्या दोन रात्रीही होता. म्हणजे चोरांची कुजबुज सुरू होण्याच्याही आधी मी तो तिथे हलवला होता, आणि ही गोष्ट मी स्वतःलासुद्धा सांगितली नव्हती. दिवसा दिसेल त्याला माउली म्हणायचे आणि रात्री त्याच माउलींच्या मध्ये चाकू जवळ घेऊन निजायचे!

सेना महाराजांची कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो. पूजेत रमल्यामुळे त्यांना राजाकडे जायला उशीर झाला, तर पांडुरंगच त्यांचे रूप घेऊन, धोकटी काखेत मारून हजामतीला गेला. वस्तराही मिटवायचाच असतो. देवाने तो उघडला आणि राजाने मान पुढे केली. आपण ही कथा देवाच्या भक्तप्रेमाची म्हणून सांगतो, ती आहेच. पण मला आता त्यात तो वाकलेला राजा दिसतो. ज्याच्या हातात धार आहे त्याच्यापुढे निःशंक मान वाकवता यावी, असा न्हावी रोज किती जणांचा विश्वास सांभाळत असेल! आणि अरणच्या सावतोबांच्या कथेत तर पाते चालते ते स्वतःच्याच पोटावर, देवाला लपवायला. धार वाईट म्हणून संतांनी ती टाकून दिली नाही. न्हाव्याचा वस्तरा, माळ्याचे खुरपे, त्यांचे पोटच त्यावर चालत होते.

म्हणून चाकू घरी ठेवून येण्याचा विचार मी केला आणि सोडूनही दिला. तसे केले असते तर भीती माझ्याजवळच राहिली असती, फक्त काकडी दाताने तोडावी लागली असती.

सकाळी वाटेत आमच्या विणेकरी महाराजांना सगळे सांगितले. ते उपदेश करतील असे वाटले होते. ते म्हणाले, "चाकू चांगला आहे का? स्वयंपाकाच्या ट्रकवर एक हवाच होता." मी दिला. तेव्हापासून वारीत तो ट्रकच्या फळीला सुतळीने बांधलेला असतो. ज्याला लागेल तो वापरतो. पहिल्या दोन रात्री मला झोप लागली नाही हेही सांगतो. तिसऱ्या रात्री लागली.

पण गोष्ट इथे गोड करून संपवली तर ते खोटे होईल. गेल्या वारीत वेळापूरच्या मुक्कामी एका पोराने त्या चाकूने तेलाचा डबा उघडला आणि पात्याचे टोक मोडले. मी त्याच्यावर असा भडकलो की भाकरी थापणाऱ्या बायकांचे हात थांबले. "दुसऱ्याची वस्तू जपून वापरता येत नाही?" असे काहीतरी बोललो. पोरगा खाली मान घालून उभा. भीती सुटली होती, पण चाकू "माझा" होता तो होताच, ट्रकवर बांधूनसुद्धा.

रात्री भजन झाल्यावर मी धारेचा दगड घेऊन बसलो. पोरगा आपणहून येऊन पाणी घालू लागला. मोडके टोक घासून गोल करायला तासभर लागला. पाते आता साडेतीन बोटे उरले आहे. सकाळी त्याच पोराने त्याने टोपलीभर काकड्या कापल्या आणि पहिली फोड मला आणून दिली.