पंगतीचे ऋण

विद्यार्थिदशेत जडलेला स्नेह पुष्कळदा आयुष्यभर टिकतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. परंतु तो कशामुळे टिकतो आणि टिकून कोणाच्या कामी येतो, हे दोन प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारले जातात. अमेरिकेत या स्नेहाला संस्थेचे रूप देण्याची परंपरा जुनी आहे. १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ‘फाय बीटा कॅपा’ हे मंडळ स्थापन झाले, आणि पुढील शतकात ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी, शपथविधीने सभासद करून घेणारी बंधुमंडळे तेथील अनेक विद्यापीठांत रुजली. पदवी घेऊन बाहेर पडलेला सभासद परमुलखात गेला तरी तेथे त्याला ओळखीचा हात मिळावा, हा त्यांचा लौकिक लाभ. आणि वंश, धर्म व कुळ पाहून दार लावून घ्यावे, हा त्यांतील बहुतेकांचा दीर्घकाळचा दोष. त्या दोषाला उत्तर म्हणूनच १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ‘अल्फा फाय अल्फा’ हे आपले स्वतंत्र बंधुमंडळ उभारावे लागले.

आपल्या बेळगाव-निपाणीच्या मुलखात शपथा नव्हत्या, पण बंधुत्व होते, आणि त्याचे घर होते बोर्डिंग. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यातून शिकायला आलेल्या ब्राह्मण मुलाला शहरात वार लावून जेवण्याची किंवा माधुकरी मागण्याची सोय होती. कुणब्याच्या, लिंगायताच्या, जैन शेतकऱ्याच्या मुलाला तशी सोय नव्हती, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर पाय टेकण्यापुरतीही जागा नव्हती. शाळा उघडली तरी अंथरूण आणि अन्न यांवाचून ती या मुलांपुरती बंदच राहते, हे शाहू छत्रपतींनी ओळखले, आणि १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून जी मालिका सुरू झाली, तिच्यामुळे त्या नगरीला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हटले जाऊ लागले. निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री १८९९ साली जन्मलेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने पुढे बोर्डिंगांचेच कार्य हाती घेतले. आणि घाटाखालच्या, माळावरच्या, कृष्णा-वेदगंगेकाठच्या कित्येक घराण्यांतील पहिला शिकलेला पुरुष अशाच एखाद्या बोर्डिंगच्या पंगतीतून उठून कचेरीत, कोर्टात किंवा वर्गात गेला.

या पंगतीतील स्नेह टिकण्याचे कारण तारुण्याच्या भावविवशतेत शोधणे अपुरे आहे, असे मला वाटते. तारुण्य सर्वांनाच येते. पण ज्यांनी एका छपराखाली टंचाई वाटून घेतली, त्यांच्या स्नेहाला वेगळी घट्ट वीण लाभते. बोर्डिंगात मेसचा हिशेब पाळीपाळीने मुलांनीच ठेवायचा, धान्य निवडायचे, पाणी भरायचे. तापाने फणफणलेल्या खोलीमित्राच्या उशाशी रात्र काढायची. घरून आलेल्या भाकरीचे आणि खर्ड्याचे जितके हात तितके वाटे करायचे. पुढच्या काळात एसटीच्या टपावरून खेड्यातला डबा शहरात येऊ लागला, तेव्हाही तो क्वचितच एकट्याचा राहिला. या नित्याच्या व्यवहारात एकाचा स्वभाव दुसऱ्याला जितका उघडा होतो, तितका तो पुढे पन्नास वर्षांच्या सहवासातही होत नाही. माणूस उपाशी असताना कसा वागतो, नापास झाल्यावर कसा बोलतो, उसने घेतलेले दोन रुपये परत करतो की विसरतो, हे ज्याने विसाव्या वर्षी पाहिले, त्याच्यापुढे साठाव्या वर्षी हुद्द्याचा पोशाख चढवून बसण्यात अर्थ नसतो. मोठेपणी मनुष्याला प्रतिष्ठा देणारे पुष्कळ भेटतात. त्याला त्याच्या खऱ्या मापाने ओळखणारे फार थोडे उरतात, आणि जुन्या स्नेह्यांचे मोल त्यांत आहे.

परंतु परस्परांना ओळखणे हा मैत्रीचा आरंभ झाला. तिची परीक्षा ती एकत्र येऊन काय उभारते यात आहे. डेक्कन कॉलेजात शिकत असताना टिळक आणि आगरकर यांनी लोकशिक्षणाला आयुष्य वाहण्याचा जो निश्चय केला, त्यातून न्यू इंग्लिश स्कूलचे आणि १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे कार्य आकाराला आले. पुढे त्या दोघांत तीव्र मतभेद झाले, मार्ग फुटले. पण मैत्रीने जे उभे केले होते, ते मैत्रीच्या भंगानंतरही उभे राहिले. आपल्या बेळगावातही १९१६ साली सात तरुण शिक्षकांनी एकत्र येऊन कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली, आणि १९३३ साली त्याच संस्थेचे लिंगराज महाविद्यालय उघडले. त्या सातजणांनी आपले सख्य केवळ एकमेकांच्या उत्कर्षासाठी खर्चिले असते, तर सात संसार सुखाचे झाले असते. त्यांनी ते अपरिचित मुलांसाठी खर्चिले, म्हणून पिढ्यान्पिढ्यांना विद्येचे दार खुले झाले.

येथेच या बंधुत्वाची दुसरी, कठोर बाजू पाहणे प्राप्त आहे. जातीच्या आधाराने उभी राहिलेली बोर्डिंगे त्या काळी अपरिहार्य होती, कारण ज्यांना कोणीच आसरा देत नव्हते त्यांना निदान त्यांच्या ज्ञातीने द्यावा, एवढीच वाट मोकळी होती. पण जो आसरा देतो, तोच कुंपणही घालतो. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. एका पंगतीतून उठवल्या गेलेल्या या विद्यार्थ्याने पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एकत्र रांधत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. त्या शाहू बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या बंधुत्वाने भाऊरावांना बाहेर काढले त्याहून मोठे बंधुत्व त्यांनी निर्माण केले, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासातील एक मोठा धडा आहे.

निपाणीकरांना दुसरा धडा घराजवळच सापडेल. १९२५ साली निपाणीत भरलेल्या मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले. पुढे बाबासाहेबांनी धारवाडला दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, तेव्हा त्याचा भार निपाणीच्या बळवंतराव वराळे यांनी वाहिला. अशा वसतिगृहातील मुलांना मिळालेला लाभ केवळ निवासाचा नव्हता. गावात ज्याला वेशीबाहेर उभे राहावे लागे, त्या मुलाला येथे प्रथमच बरोबरीने बसणारे मित्र लाभले, आणि बरोबरीची सवय एकदा लागली की ती मनुष्याला पुन्हा वाकू देत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या आणि या भागाच्या आयुष्यात भाषेचे दुःख कायमचे येऊन बसले. त्या दुःखाची तीव्रता मी कमी लेखत नाही. मराठी माणसाच्या न्याय्य मागणीविषयी माझ्या मनात संदेह नाही. तरीही हे नोंदवलेच पाहिजे की निपाणीला लागून, परंतु कागल तालुक्याच्या हद्दीत असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात, तसेच बेळगावच्या राणी पार्वतीदेवी आणि लिंगराज महाविद्यालयांत, मराठी व कन्नड बोलणारी मुले एकाच बाकावर बसत आली आहेत. त्यांतून जडलेले स्नेह मोर्चांच्या आणि बंदच्या दिवसांतही पुष्कळांनी जपले. एकमेकांच्या घरच्या लग्नकार्याला आणि मृत्यूला ते धावून गेले. मतभेद असूनही शत्रुत्व न येऊ देणे, ही शक्ती राजकारण देत नाही. ती तरुणपणच्या सहवासातून येते.

आज माजी विद्यार्थ्यांचे संघ जागोजागी निघाले आहेत, स्नेहमेळावे होतात, सत्कार होतात. हे सारे इष्टच आहे. परंतु जुन्या मित्राच्या मुलाला नोकरी लावण्यापुरते आणि जातभाईची फाईल पुढे सरकवण्यापुरते हे संबंध राहिले, तर त्यांना बंधुत्व म्हणणे कठीण. तो वशिला होय, आणि वशिल्याने एका मुलाला मिळालेली जागा दुसऱ्या, निराधार मुलाकडून हिरावलेली असते. बोर्डिंगात जेवलेल्या मनुष्यावर अन्नाचे ऋण असते, आणि ते ज्याने वाढले त्याला परत करता येत नाही. ते पुढच्या पंगतीत बसणाऱ्यालाच द्यावे लागते. प्रत्येक माजी विद्यार्थी संघाने वर्षाच्या जमाखर्चात पहिली रक्कम अशा मुला-मुलींच्या निवासासाठी आणि भोजनासाठी लावावी, आणि लावताना त्यांची जात, धर्म वा मातृभाषा विचारू नये. आपल्या मैत्रीचे मोजमाप ती किती वर्षे टिकली यावरून आपण करत आलो. तिच्यामुळे किती परक्या मुलांना घर मिळाले, यावरून ते करण्याची वेळ आली आहे.