दोन विस्तव

ईस्टरच्या पहाटे आम्ही कबरस्थानात जमतो, उठलेल्या प्रभूची गीते गातो, आणि परतताना ज्या भावाशी वाटणीवरून बोलणे सोडले आहे त्याला टाळून फाटकाबाहेर पडतो. मग पुनरुत्थानावर आमचा विश्वास आहे तो कशापुरता?

रविवारच्या शाळेत आम्ही मोकळ्या कबरेचा धडा शिकवतो. योहानकृत शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय मात्र राहून जातो. (तोवर उन्हाळ्याची सुटी लागते, हेही खरे.) त्यात तिबिर्याच्या समुद्रकाठी प्रभूने कोळशाच्या विस्तवावर मासळी आणि भाकर तयार ठेवली आहे. अशा विस्तवासाठीचा मूळ ग्रीक शब्द नव्या करारात दोनदाच येतो. एकदा येथे, आणि त्याआधी प्रमुख याजकाच्या अंगणात, जेथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने प्रभूला नाकारले.

म्हणजे झालेले विसरल्याचे सोंग प्रभूने केले नाही. तशाच विस्तवापाशी पेत्राला आणले, आधी जेवू घातले, मग तीन नकारांनंतर तीनदा प्रीतीविषयी विचारले. तिसऱ्यांदा पेत्र दुःखी झाला. ते दुःख प्रभूने चुकू दिले नाही, आणि मेंढरे मात्र त्याच्याच हाती सोपवली.

आमच्या भावाला आम्ही अजून जेवायला बोलावलेले नाही.